लाकडी चमचा वाळताना तडकतो? चीर कुठे गेलीय ते आधी बघा

ओल्या फणसाचा किंवा आंब्याचा चमचा कोरला, घरात सगळ्यांनी हातात घेऊन कौतुक केलं, आणि दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर वाटीला, म्हणजे चमच्याच्या खोलगट भागाला, चीर. दुसरा कोरला, त्याचीही तीच गत. हा प्रश्न मला वर्षभर विचारला जातो, पण दोन वेळा त्याची झुंबड उडते: मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर. मेमध्ये विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, वाड्यावाड्यांत फुकटचं ओलं लाकूड पडलेलं असतं आणि हौशी मंडळी कोयता घेऊन बसतात. दिवाळीनंतर हवा सुकायला लागते आणि पावसात कोरून ठेवलेले चमचे फडताळात बसल्या जागी तडकतात.

विचारणाऱ्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "तेल कुठलं लावू?" तेलाचं मी शेवटाकडे सांगेन, कारण त्याचा या चिरेशी संबंध फार थोडा. चीर जाणार की नाही हे बहुतेक वेळा लाकूड फोडताना आणि वाटीची जाडी ठरवताना ठरून गेलेलं असतं.

लाकूड आकसतं कसं, एवढं एकदा समजून घ्या. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्क्यांवर उतरला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. तेही सगळीकडे सारखं नसतं. फांदीच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ शून्य, मध्यापासून सालीकडे बऱ्याच लाकडांत तीन-चार टक्के, आणि गोलाईच्या दिशेने त्याच्या दुपटीच्या घरात. म्हणून अख्खी गोल फांदी वाळत ठेवली की तिला सालीपासून मध्यापर्यंत एक उभी चीर पडतेच. गोलाई आकसू बघते, आतलं लाकूड तिला तेवढं आकसू देत नाही. याला औषध नाही. फांदी फोडून मोकळी करणं एवढाच उपाय.

दुसरी गोष्ट, कापलेल्या तोंडातून पाणी बाजूच्या मानाने दहापट किंवा त्याहूनही वेगाने निघतं. चमच्याची दोन तोंडं म्हणजे वाटीचं टोक आणि दांड्याचं टोक. पहिल्या चिरा तिथेच का दिसतात ते यावरून कळेल.

चीर कुठे आहे?

चमचा उजेडात धरा. चीर आहे की नुसता कोरण्याचा ओरखडा, असा संशय असेल तर वाटीत कोरा चहा ओतून पाच-दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. ओरखड्यातला चहा पुसला जातो. चिरेत चहा शिरतो आणि बारीक काळी रेघ उरते. नखाने टिचकी मारली तर तडकलेल्या चमच्याचा आवाज फाटका येतो, पण त्याला कान तयार व्हावा लागतो. चहाची रेघ मात्र कुणालाही दिसते.

चीर वाटीच्या बुडातून, दांड्याच्या रेषेत सरळ जात असेल आणि तिच्या आसपास लहान गोल डाग किंवा मऊ ठिपका दिसत असेल, तर फांदीच्या ऐन मधली मऊ काडी चमच्यात राहिली आहे. हा सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. मनगटाएवढी फांदी मिळते, तिचा मोठ्यात मोठा चमचा काढायचा मोह होतो, आणि मध्य वाटीत येतो. अशा चमच्याला वाळवण्याची कुठलीही युक्ती वाचवत नाही. फांदी मधोमध फोडा आणि प्रत्येक फाळीतून मधल्या काडीलगतचा बोटभर भाग तासून टाका. मग उरलेल्या लाकडात जेवढा बसेल तेवढाच चमचा. मोठा डाव हवा असेल तर जाड फांदीची वाट बघा.

फांदी करवतीने उभी चिरू नका, फोडा. कोयता तोंडावर ठेवून वर दांडक्याचा ठोका दिला की लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेने उघडतं. करवत तंतू कसे चाललेत ते विचारत नाही. फोडलेली फाळी वाकडीतिकडी निघाली तर चमचाही तसाच कोरा. दांडा जरा वळलेला असला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

यातूनच मानेची चीर. वाटी आणि दांडा जिथे जुळतात तिथे तिरकी चीर किंवा सरळ तुकडा पडणं हा वाळण्याचा दोष क्वचितच असतो. तिथे तंतू दांड्याच्या दिशेने न जाता आडवे बाहेर पडलेले असतात, किंवा गाठ आलेली असते. मानेत गाठ असलेली फाळी मी सरळ बाजूला ठेवते. दांड्याच्या शेवटाला गाठ आली तर बिघडत नाही, उलट शोभते.

वाटीच्या टोकाला किंवा दांड्याच्या शेवटाला केसाएवढ्या दोन-तीन समांतर चिरा असतील तर तोंडाकडून पाणी फार वेगाने गेलं आहे. पंख्याखाली ठेवणं, उन्हात ठेवणं, गॅसच्या शेगडीशेजारी ठेवणं ही नेहमीची कारणं. याचा उपाय सोपा आहे, फाळी चमच्यापेक्षा दोन्हीकडे दोन-तीन बोटं लांब ठेवा आणि टोकं अगदी शेवटी छाटा. लगेच कोरणार नसाल तर फाळीच्या तोंडांना मेणबत्तीचं मेण वितळवून लावा. ओंडक्यांच्या तोंडांना शेणामातीचा लेप देतात तो याचसाठी, आणि तो चांगला चालतो. तो भाग नंतर कापून टाकायचाच असतो.

उरली वाटीच्या आतल्या बाजूची जाळीदार बारीक तडक. याची दोन कारणं असतात. एक, पृष्ठभाग वाळून आकसला आणि आतलं लाकूड अजून ओलं, फुगलेलंच आहे. वाटी जाड ठेवली की हे होतं. दुसरं कारण बोथट हत्यार. गोल पटाशी किंवा वाकड्या सुरीला धार नसेल तर ती तंतू कापत नाही, दाबून चेमटवते, आणि चेमटलेले तंतू वाळताना उघडतात. ढलपी सलग, चकचकीत निघतेय की भुगा पडतोय एवढं बघा. भुगा पडत असेल तर थांबा आणि निसण्यावर धार करा. चांगली वाकडी सुरी आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही. लोहाराला जुन्या कानशीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचा साचा दिला तर तो वाकवून देतो, पण पाणी द्यायला, म्हणजे तापलेलं पातं विझवून कडक करायला, विसरू नकोस असं त्याला बजावून सांगा, नाहीतर धार टिकत नाही.

फणस कोरताना पात्याला चीक धरतो आणि धार असूनही सुरी अडते. गरे काढताना विळीला खोबरेल लावतो ना, तेच इथे करायचं. आंब्याच्या चिकाने काहींच्या हातावर पुरळ येतं. तसं होत असेल तर साल आणि सालीखालचा थर मोजे घालून काढा.

बुरशी आणि चीर, दोन्ही एकदम

परदेशातल्या लोकांचे सल्ले वाचून इथे काम करणाऱ्यांचा एक खास घोटाळा होतो. तिकडे सांगतात, चमचा त्याच्याच ढलप्यांमध्ये, कागदी पिशवीत घालून हळूहळू वाळवा. जानेवारीत आपल्याकडेही ते छान जमतं. जुलैत करून बघा, चौथ्या दिवशी पिशवीत हिरवा-काळा बुरा. मग घाबरून माणूस तो चमचा चुलीजवळ नाहीतर उघडीप मिळताच उन्हात नेतो, आणि चीर जाते. म्हणजे दमट हवेने चमचा तडकला नाही, दमट हवा तर त्याला सांभाळूनच घेत होती. बुरशीच्या धास्तीने केलेली घाई नडली.

पावसाळ्यात गोव्याच्या किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी त्याचा ओलावा १८ टक्क्यांच्या आसपासच थांबतो. बुरशीला वाढायला साधारण २० टक्क्यांवरचा ओलावा लागतो. म्हणजे जून ते सप्टेंबर ओलं लाकूड बुरशीच्या हद्दीत लांबण लावतं आणि तिथून जेमतेम बाहेर पडतं. प्रश्न एवढाच की चीर पाडू न देता ते त्या हद्दीतून लवकर कसं काढायचं.

उत्तर जाडीत आहे. लाकूड वाळायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ सुमारे चौथाई. १२ मिलिमीटर जाडीची ओबडधोबड वाटी वाळत ठेवणं आणि ६ मिलिमीटरची ठेवणं यात एवढा फरक पडतो, आणि पातळ वाटीत आतला-बाहेरचा ओलावाही फार वेगळा राहत नाही. ती थोडी वाकते, लांबट होते, पण तडकत नाही. "आधी जाड ठेवू, वाळल्यावर बारीक करू" हा सावध वाटणारा विचार इथे उलटा पडतो.

म्हणून एकाच बैठकीत वाटी सगळीकडून पाच-सहा मिलिमीटरवर आणा. बोट आणि अंगठ्याच्या चिमटीत धरून बूड आणि बाजू चाचपा. बहुतेकांचं बूड जाड राहतं आणि कड पातळ होते. मानेकडे जाडी हळूहळू वाढू द्या, एकदम पायरी नको. दांडाही अंगठ्याएवढा जाड ठेवून देऊ नका. जाड दांडा ओला आणि पातळ वाटी कोरडी असली की मानेलगत ताण येतोच.

बैठक अर्धवट सोडावी लागली तर? पाहुणे येतात, वीज जाते, मुलांना आणायला जायचं असतं. अर्धा चमचा ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलात तर आपल्या उकाड्यात दोन दिवसांत बुरा धरेल. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालतं, पण पाणी रोज बदला, डासांची पैदास घरात नको.

कोरून झाला की मी चमचा उकळते. मोठ्या टोपात पाणी, त्यात चमचा पूर्ण बुडेल असा, वीसेक मिनिटं. लाकडातला ताण यामुळे सैल होतो असं कोरणारे सांगतात, आणि माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. ते बाजूला ठेवलं तरी दुसरा फायदा नक्की आहे. पॅकिंगच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लाकूड ऐन मध्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायला सांगतो, तेवढ्यात पोखरणारे किडे मरतात. उकळत्या पाण्यात चमच्यासारखी पातळ वस्तू ५६ अंशांच्या कितीतरी पुढे जाते. बुरशीही मरते. नवी बुरशी मात्र हवेतून पुन्हा येऊ शकते, हे लक्षात असू द्या. पाणी रंगेल, फणसाचं तर पिवळंजर्द होईल. टोप जुना घ्या.

उकळल्यावर पुसून टांगा. पावसाळ्यात ढलप्यांची पिशवी नको. घरात, वारा खेळतो अशा जागी, भिंतीला न टेकवता, दांड्याला दोरी बांधून. चूल पेटती असेल तर तिच्यापासून चार हात लांब, धगीच्या थेट वर नाही. पहिले दोन दिवस फक्त वाटीच्या टोकावर कागदाची टोपी अडकवा, तोंडाकडचं पाणी जरा आवरतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत याच्या उलट, पहिले चार-पाच दिवस कागदी पिशवीत, तोंड सैल दुमडून.

वाळला हे कसं ओळखायचं? गालाला लावून थंड लागतो का बघतात, पण पावसात सगळंच थंड लागतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, रोज एकाच वेळी वजन करा आणि दांड्यावर पेन्सिलीने लिहा. चार दिवस ग्रॅमचाही फरक पडला नाही की तो त्या हवेपुरता वाळला.

त्या हवेपुरता, हे महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांवर थांबलेला चमचा जानेवारीत १२-१३ टक्क्यांवर जातो. सहा सेंटिमीटर रुंद वाटी तेवढ्यात पाऊण मिलिमीटरच्या आसपास आकसू शकते. पातळ वाटी ते पचवते, जाड बुडाची पचवत नाही. दिवाळीनंतरच्या चिरा या अशा. पणजीतल्या चोवीस तास एसी चालणाऱ्या फ्लॅटमध्ये किंवा पुण्याला एप्रिलमध्ये भेट म्हणून जाणाऱ्या चमच्याचं तर आणखी वाईट, तिथली हवा आपल्या हिवाळ्यापेक्षाही कोरडी. पावसात केलेला चमचा बाहेरगावी द्यायचा असेल तर डिसेंबरपर्यंत घरातच राहू द्या. मी पावसाळी चमच्यांवरचं शेवटचं तासणं आणि घासणं हिवाळ्यातच करते. घासायला पॉलिश पेपर आहेच. खरवतीची खरखरीत पानं मिळाली तर शेवटच्या हाताला तीही छान, आणि ती कचऱ्यात टाकायला जीव कचरत नाही.

तेल

टाचेच्या भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, लावतात, म्हणून चमच्याच्या भेगांनाही तेच, असा सरळ हिशेब करणारे बरेच भेटतात. लाकूड कातडी नव्हे, ते भरून येत नाही. कोकमतेल काय किंवा खोबरेल काय, ही न सुकणारी तेलं. ती लाकडात तशीच ओली राहतात, गरम सांबारात निम्मी निघून जातात. खोबरेल लावलेला चमचा पावसात बंद डब्यात ठेवला तर बुरा चढलाच म्हणून समजा. रोज वापरात असलेल्या चमच्याला ते चालून जातं, कारण रोज धुतला आणि वाऱ्यावर सुकला जातो.

सुकणारं तेल हवं असेल तर जवसाचं. खायचं घाण्याचं तेल घ्या, हार्डवेअरच्या दुकानातलं नको. रंगासाठी विकल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून कोरडा, मग पुढचा हात काही दिवसांनी. पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात, पावसात आणखी. एक इशारा मात्र कानात ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

तेल पाण्याची ये-जा थोडी मंद करतं, थांबवत नाही. ओल्या चमच्याला तेल लावून चीर टाळता येईल अशी आशा ठेवू नका.

काळे डाग म्हणजे बुरशीच असं नाही

ओल्या चिंचेवर किंवा सागावर लोखंडी पातं चाललं की निळसर काळे डाग पडतात. लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा तो रंग. लिंबाची फोड घासा, फिकट झाले तर लोखंडाचे. बुरशीचा डाग लिंबाने हलत नाही, आणि आत उतरलेला निळा-करडा पट्टा तर लाकूड आठवडाभर न फोडता पडून राहिल्याची खूण. आंबा यात फार हळवा. मेमध्ये आणलेली आंब्याची फांदी दोन-तीन दिवसांत फोडायचीच.

कुठलं लाकूड

नवशिक्याने शिवण मिळाली तर सोडू नये. हलकी, कोरायला मऊ आणि फार कमी आकसणारी. फणस चांगला, आंबा चालतो. पेरू आणि चिकू घट्ट आणि देखणे, पण तडकायला पुढे, म्हणून हात बसल्यावर. काजू नको, त्याचा चीक कातडीला त्रास देतो. काजरा, कण्हेर, बिब्बा आणि खाजणाकाठचा (खाऱ्या पाणथळ जागेतला) हुरा यांच्या वाटेला जाऊच नका, विषारी आहेत. नाव ठाऊक नसलेल्या फांदीचा चमचा करू नये, मग ती कितीही सरळसोट असो. आणि चमच्यासाठी झाड पाडण्याची गरज पडत नाही. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागतेच. छाटणीत आणि वादळात पडलेलं लाकूड एका माणसाच्या हाताला उरून जातं.

तडकलेल्याचं काय करायचं

कडेला लहान चीर असेल तर तिच्या टोकाच्या खालपर्यंत कड तासा, वाटी उथळ होईल एवढंच. टोकाची चीर असेल तर टोक छाटून पुन्हा गोल करा. दांड्याची असेल तर दांडा आखूड करा, मिठाच्या बरणीला असा चमचा हवाच असतो. बुडाची चीर बुजत नाही. भुसा आणि पांढरा गोंद भरून ती झाकता येते, पण गरम आमटीत तो गोंद मऊ पडतो, आणि चटकन चिकटणारे गोंद मी जेवणाच्या वस्तूला लावत नाही. त्या लाकडाचा चपटा कालथा करा, वाटीच काढून टाकली की चिरेचा अर्धा भाग तसाही निघून जातो. रोजच्या वापरातल्या जुन्या चमच्याला बुडात काळी चीर पडली असेल तर त्यात अन्न अडकतंय. तो स्वयंपाकातून काढा, कुंड्यांत माती घालायला ठेवा. आणि नव्याला रात्रभर मोरीत पाण्यात भिजत टाकू नका. भिजून सकाळी उन्हात सुकवणं असं महिनाभर केलं तर नीट कोरलेला चमचाही तडकतो, आणि मग दोष लाकडाला दिला जातो.